खिशातली जातपंचायत

माणसाला वाळीत टाकणे हा गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला. त्याचा अभिमान आपण मिरवतो. आणि याच महाराष्ट्रातला शिकलासवरलेला माणूस आज खिशात पंचायत घेऊन हिंडतो.

कोणताही राजकीय व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. मोर्चाचा म्हणून एक फोटो येतो. कोणीतरी सभ्यपणे लिहितो, 'हा फोटो जुना आहे, दुसऱ्या राज्यातला आहे.' फोटोची शहानिशा कोणी करत नाही. शहानिशा होते ती लिहिणाऱ्याची. 'तुम्हाला बरा पुळका आला त्यांचा!' 'एका मेसेजचे किती मिळतात?' संध्याकाळी ॲडमिन ग्रुपच्या उद्देशाची आठवण करून देतो आणि त्या माणसाला काढून टाकतो. फोटो खोटा आहे हे ज्यांना कळले होते, ते दुसऱ्या दिवशी निमूटपणे 'सुप्रभात' टाकतात.

असे ग्रुप बहुधा बंडाची भाषा बोलतच जन्माला येतात. 'माध्यमे विकली गेली, खरे ते आम्ही सांगू!' बाणा चांगला आहे. पण विरोध हीच ओळख ठरली की खरे-खोटे बाजूला पडते. वर्तमानपत्राने छापले म्हणून खोटे, तज्ज्ञ म्हणाला म्हणून विकाऊ. साऱ्या जगाला जाब विचारणारा ग्रुप स्वतःला मात्र एकही प्रश्न विचारू देत नाही.

याचे खापर कंपन्यांच्या आणि अल्गोरिदमच्या माथी फोडणे सोयीचे आहे. ते निर्दोष नाहीत. आपला संताप हाच त्यांचा धंदा. पण २००५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात झालेला एक प्रयोग पाहा. बोल्डर हे डावीकडे झुकलेले शहर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज उजवीकडे. त्या त्या शहरातल्या माणसांना आपापल्यांतच बसवून हवामानबदल, समलिंगी जोडप्यांचे हक्क अशा विषयांवर बोलायला सांगितले. चर्चेनंतर बहुतेक गटांची मते आधीपेक्षा टोकाची झाली, आपसांतले मतभेदही आटले. तिथे मोबाइल नव्हता, अल्गोरिदम नव्हता. होती फक्त एका मताची माणसे. अशा गटात चढ्या आवाजाला वाहवा मिळते, मधला गप्प बसतो, शंका घेणारा निघून जातो. उरलेल्यांत उठून दिसायचे तर आवाज आणखी चढवावा लागतो.

ही रीत जुनीच. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर हे 'केसरी' या वृत्तपत्राचे पहिले संपादक. सहकाऱ्यांशी मतभेद विकोपाला गेल्यावर त्यांनी तो सोडला आणि १८८८ साली 'सुधारक' काढला. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्या सनातन्यांना आपण आज नावे ठेवतो. आपल्या ग्रुपवर अशा किती प्रेतयात्रा निघाल्या आणि त्यांत आपण किती वेळा खांदा दिला, याचा हिशेब कोण ठेवणार?

तेव्हा, वाचकहो, एवढेच करा. तुमच्या ग्रुपमधून शेवटी कोणाला काढले ते आठवा. तो काय म्हणत होता ते तपासा. खरे निघाले तर त्याच ग्रुपवर, सर्वांसमक्ष, तसे लिहा. तेवढे धैर्य नसेल, तर स्वतःला पुरोगामी म्हणवू नका आणि राष्ट्रभक्तही म्हणवू नका. तुम्ही पंचायतीचे पंच आहात.