आधी मोजा, मग घासा

ऑगस्ट 2024 मध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला तो 1934 सालच्या बुगाटी टाइप 59 ला. तिचा काळा रंग जुनाच होता, ठिकठिकाणी उडालेला, आणि तो तसाच राखला होता. जतन गटातल्या गाडीने तिथे बाजी मारण्याची ही पहिलीच वेळ.

आपल्याकडे जुनी पद्मिनी गॅरेजात शिरली की मालकाची फर्माईश ठरलेली: ‘शोरूमसारखी करून द्या.’ लगेच रबिंग कंपाउंडचा डबा उघडतो, बफिंग मशीन सुरू होते. कुर्ल्याच्या कारखान्यातला मूळ रंग अंगावर असलेली पद्मिनी आता क्वचितच दिसते. ती तरी वाचायला हवी.

क्लिअर कोट आहे की नाही, हे आधी पाहावे. डिकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने किंचित पॉलिश घासावे. फडक्याला गाडीचा रंग उतरला, तर वर पारदर्शक थर नाही. निघतोय तो रंगच. उन्हाने खडूसारखा झालेला पांढुरका पापुद्रा वरवरचा असतो, त्याखाली बरेचदा चांगला रंग शिल्लक असतो. अशा वेळी क्ले फिरवून, बिनकापाचे तेलकट पॉलिश हाताने चोळून रात्रभर मुरू द्यावे. अमेरिकेतले जाणकार यासाठी मेग्वायर्सचे सात नंबरचे ग्लेझ वापरतात. लाल रंगावर तर फरक डोळ्यांदेखत कळतो: गुलाबी पडलेले बॉनेट पुन्हा गडद होत जाते.

एवढ्याने भागले नाही तरच मशीन, आणि तेही थराची जाडी मोजल्यावर. कारखान्याचा रंग प्रायमर धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. दारावर 120 आणि शेजारच्या मडगार्डवर 600 आले, तर तिथे लांबी भरली आहे हे सांगायला ज्योतिषी नको! मात्र कडांवर आणि वळणांवर जाडी मोजणारे यंत्र भरवशाचे नाही, आणि रंग सर्वांत आधी जळतो तोही तिथेच. म्हणून कडांना मास्किंग टेप लावावी, तिथे हातानेच काम करावे.

यात वेळ जातो, आणि मालक पैसे मोजतो ते चकाकीचे. तेव्हा दर तासावर लावावा आणि कामाआधीचे व नंतरचे मायक्रॉनचे आकडे जॉब कार्डवर लिहून द्यावेत. पुढच्या वेळी तीच गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली, तर तिथल्या कारागिराला किती रंग उरला आहे हे त्या कागदावरून कळेल.