अर्ध्या गुणाचा तिढा
शिक्षक पात्रता परीक्षेची शेवटची घंटा होऊन गेल्यावर केंद्राच्या फाटकाशी प्रवेशपत्राच्या कोऱ्या पाठीवर बेरजा मांडणारे उमेदवार पाहिले म्हणजे, उद्या मुलांस अंकगणित शिकविणाऱ्यांची एक परीक्षा येथेही चालू आहे, असे वाटू लागते. दीडशे प्रश्न, प्रत्येकास एक गुण, उत्तीर्णतेस शेकडा 60, अर्थात 90 उत्तरे बरोबर आणि 60 चुका माफ, हा हिशेब कोणीही करील. परंतु चुकीच्या उत्तरास गुणकपात नाही व प्रत्येक प्रश्नास पर्याय चार आहेत, हे ज्याने कलमवार वाचले, त्याच्या ध्यानात येते की, निश्चित येणारी उत्तरे केवळ 70 असली, तरी उरलेल्या 80 प्रश्नांत डोळे मिटून वर्तुळे काळी केल्यास सरासरीने 20 गुण पदरात पडतात आणि नव्वदीचा उंबरठा गाठता येतो (दैव अर्थातच सरासरीला बांधील नसते). राखीव प्रवर्गांसाठी सवलतीने ठरविलेले शेकडा 55 मात्र साडेब्याऐंशीवर येऊन अडखळतात, आणि अर्धा गुण देणारा प्रश्नच अस्तित्वात नसल्यामुळे 82 की 83, हा तंटा देशातील न्यायालयांच्या दप्तरी दाखल झाला. प्रश्न 150 ऐवजी 160 ठेवले असते, तर तेच शेकडा 55 बरोबर 88 भरले असते. एवढा गुणाकार नियमाचा मसुदा करणाऱ्याने सही-शिक्क्यापूर्वी करून पाहावयास हवा होता.