गुरुवाणीतील मात्रांचा अधिकार

इ. स. १७०८ मध्ये गोदातीरी नांदेड मुक्कामी गुरू गोविंदसिंहांनी देहधारी गुरूंची परंपरा समाप्त करून ग्रंथसाहेबास गुरुपदाची गादी दिली, त्या दिवसापासून शीख समाजात धर्मविषयक शंकेचा अखेरचा निवाडा देणारी व्यक्ती कोणी राहिली नाही. निवाडा मागावयाचा तो त्या अक्षरसंहितेपाशीच. ज्या पंथाचा गुरू ग्रंथरूप आहे त्या पंथात शब्द कसा लिहिला आहे, त्याच्या अंती कोणती मात्रा आहे आणि ती मात्रा त्या शब्दाचे वाक्याशी कोणते नाते सांगते, हे प्रश्न वैयाकरणांच्या फुरसतीचे विषय म्हणून बाजूस सारता येत नाहीत. परंपरा असे सांगते की, सातवे गुरू हरराय यांचे पुत्र रामराय यांनी औरंगजेबाच्या दरबारात बादशहाची मर्जी राखण्यासाठी गुरू नानकांच्या वचनातील ‘मुसलमान’ हा शब्द ‘बेईमान’ असा फिरवून सांगितला, आणि एवढ्याच कारणावरून पित्याने त्यांस कायमचे दूर केले. अक्षराविषयीची ही निष्ठा ध्यानी घेऊनच पुढील वादाकडे पाहिले पाहिजे.

वाद ईश्वरवाचक शब्दांचा आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, ‘रामु’ आणि ‘राम’, ‘गुरु’, ‘गुर’ आणि ‘गुरि’, ‘प्रभु’, ‘प्रभ’ आणि ‘प्रभि’ ही सारी जुन्या लेखनिकांची स्वैर रूपे होत. पाठ करताना हे अंत्य ऱ्हस्व स्वर बहुधा उच्चारलेही जात नाहीत. सबब अर्थनिर्णयात त्यांची दखल घेण्याचे कारण नाही. दुसरा पक्ष याच्या नेमका उलट टोकास जातो. त्याच्या मते औंकड, म्हणजे ऱ्हस्व उकाराची मात्रा, ज्याच्या अंती आहे तो ‘रामु’ निर्गुण निराकार परमात्मा, आणि ती ज्याच्या अंती नाही तो ‘राम’ अयोध्येचा दशरथनंदन. एवढेच नव्हे तर औंकड एकवचनाची खूण असल्यामुळे ती ईश्वराच्या एकत्वाची मुद्राच होय. पहिला पक्ष मात्रेला काहीच अधिकार देत नाही, दुसरा तिला नाही तो अधिकार देतो. आणि मात्रा प्रत्यक्षात कोणते काम करते याची चौकशी दोघांनीही केलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या पक्षाचा समाचार प्रथम घेऊ. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये अमृतसर येथे आदिग्रंथाची संहिता सिद्ध केली, तेव्हा लेखनाचे काम भाई गुरदासांसारख्या व्युत्पन्न आणि स्वतः कवी असलेल्या पुरुषाकडे होते. त्या संहितेत व्यंजनान्त पुल्लिंगी नाम एकवचनी असून कर्ता किंवा साक्षात कर्म म्हणून आले की त्याच्या अंती सामान्यतः उकार लागतो. त्यापुढे ‘का’, ‘कै’, ‘ते’ यांसारखे संबंध दाखविणारे शब्द आले, किंवा तो संबंध अध्याहृत राहिला, की उकार जातो. हाक मारावयाची असली तरी जातो, अनेकवचन असले तरी जातो. आणि ‘ने’, ‘मध्ये’, ‘मुळे’ असा अर्थ अभिप्रेत असला की सिहारी, म्हणजे ऱ्हस्व इकार येतो. ‘मनु’ म्हणजे मन, ‘मन’ म्हणजे मनाचे किंवा हे मना, ‘मनि’ म्हणजे मनात किंवा मनाने. ‘हुकमु’ म्हणजे हुकूम, ‘हुकमि’ म्हणजे हुकमाने. लेखनिकाच्या लहरीने झालेल्या लेखनात असा क्रम पानोपानी टिकत नाही.

मराठी वाचकास तर ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारणच नाही. हेमचंद्राने बाराव्या शतकात ज्या अपभ्रंशाचे व्याकरण सांगितले त्यात प्रथमेच्या एकवचनी असाच उकार आहे, आणि शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत तोच ‘अर्जुनु’ आणि ‘श्रीकृष्णु’ या रूपांनी पदोपदी भेटतो. गुरुवाणीतील ‘घरि’ आणि आपल्या प्राचीन ग्रंथांतील ‘घरीं’, तेथील ‘मनि’ आणि येथील ‘मनीं’ ही एकाच कुळातील भावंडे होत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहावयास घेतले ते याच जाणिवेने, की अंत्य स्वरांकडे दुर्लक्ष करून त्या ग्रंथाचा अर्थ लावणे म्हणजे ग्रंथकाराच्या तोंडी आपला अर्थ घालणे होय. १९६२ साली आपण अनुच्चारित अनुस्वारास रजा दिली ती चालू गद्यापुरती, आणि तेथे ती योग्यही असेल; परंतु तोच न्याय लावून कोणी ज्ञानेश्वरीतले अनुस्वार पुसू लागला तर आपण त्यास संपादक म्हणणार नाही. जे उच्चारात लोपले ते अर्थातूनही लोपले, हे गृहीतच मुळी अप्रमाण आहे.

आता ईश्वरवाचक पदांवर या नियमांचा परिणाम काय होतो ते ग्रंथाचे आरंभसूत्र असलेल्या मूलमंत्रातच पाहावे. तेथे ‘पुरखु’ आणि ‘निरवैरु’ ही विशेषणे उकारान्त आहेत, कारण ती स्वतंत्रपणे त्या एका परमात्म्याचे वर्णन करतात. त्यांच्याच पंक्तीत ‘अकाल’ मात्र उकारावाचून येतो. का? गुरुवाणीचे व्याकरणकार प्रा. साहिबसिंह यांनी याचे जे उत्तर दिले ते मला निर्णायक वाटते: ‘मूरति’ हा शब्द स्त्रीलिंगी असून ‘अकाल’ हे त्याचे विशेषण आहे, ते पद एकटे, परमात्म्याचे स्वतंत्र विशेषण म्हणून आले असते तर ‘अकालु’ असे लिहिले गेले असते. ही दोन पदे तोडून जो वाचतो त्याच्या पदरी ‘मूरति’ हे एक निराधार पद पडते, आणि ज्या वाणीने प्रतिमेची पूजा नाकारली तिच्या आरंभसूत्रातच ‘ईश्वर म्हणजे मूर्ती’ असे विधान त्याला घुसडावे लागते. पदे जोडून वाचली की अर्थ स्वच्छ होतो: ज्याचे स्वरूप कालाच्या कक्षेत येत नाही तो. एका मात्रेच्या अभावाने येथे एवढा मोठा अनर्थ टळला आहे.

मूलमंत्राच्या शेवटच्या पदांविषयीचा मतभेद तर याहून नामांकित आहे. मॅकॉलिफ या विद्वानाने १९०९ साली आपले सहा खंडांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ‘गुर प्रसादि’ याचा तर्जुमा त्याने बहुमतास मान देऊन ‘गुरूच्या कृपेने’ असा केला खरा, पण काही शीख पंडितांच्या संगतीने त्याचा स्वतःचा कल असा होता की ही ईश्वराचीच दोन विशेषणे असावीत: तो थोर आहे, तो उदार आहे. मॅकॉलिफविषयी आदर बाळगूनही हा पक्ष नाकारलाच पाहिजे. ‘प्रसाद’ हा शब्द मुळात अकारान्त आहे, म्हणून त्याच्या अंतीची सिहारी ही प्रकृतीतली असू शकत नाही. ती विभक्तीचीच आहे. आणि ‘गुर’ याचा उकार गेला आहे, म्हणजे तो कर्ता नव्हे, विशेषणही नव्हे; त्याचा पुढच्या शब्दाशी ‘चा, ची, चे’ असा संबंध आहे. ज्याला दोन विशेषणे हवी आहेत त्याला दोन्ही मात्रा बदलून द्याव्या लागतील, आणि ती मुखत्यारी भाषांतरकारास कोणी दिलेली नाही. सिद्धान्ताच्या दृष्टीनेही हा फरक लहान नाही. एका वाचनात गुरू हे ईश्वराचे विशेषण होऊन नाहीसे होतात. दुसऱ्यात ईश्वराच्या प्राप्तीचे साधन म्हणून गुरुकृपा सूत्रातच ग्रथित होते, आणि शीखमताचा सारा इमला त्यावर उभा आहे.

त्याच न्यायाने ‘गुर सबदु’ आणि ‘सबदु गुरू’ यांचा भेद ध्यानी घ्यावा. पहिल्यात शब्द गुरूचा आहे. दुसऱ्यात, जो प्रयोग ‘सिद्धगोष्ट’ या रचनेत गुरू नानक योग्यांच्या प्रश्नास उत्तर देताना करतात, शब्द हाच गुरू आहे. १७०८ च्या नांदेडच्या निर्णयाची तात्त्विक सनद ज्यास पाहावयाची असेल त्याने मात्रांसह हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहावेत.

आता दुसरा पक्ष. त्याचा उत्साह मला समजतो; आपल्या ग्रंथातील राम हा अवतारकथेतला राम नव्हे, हे त्यास सिद्ध करावयाचे आहे, आणि गुरुवाणीच्या बहुसंख्य स्थळांविषयी ते विधान खरेही आहे. पण खऱ्या विधानास खोटा पुरावा जोडला की विधानच दुबळे होते. रामकलीच्या वारेत गुरू नानक थोरामोठ्यांच्या दुःखाचे दाखले देतात, तेथे वनवासात रडणारा, सीतालक्ष्मणांच्या वियोगाने व्याकूळ झालेला जो राम येतो तो ‘रामु’ असाच लिहिला आहे, आणि त्याच्या सोबतीला ‘लखमणु’ आहे. गुरू तेगबहादुरांच्या श्लोकात जगाची नश्वरता सांगताना राम आणि रावण दोघेही गेले असे म्हटले आहे. तेथे ‘रामु’ जसा औंकडयुक्त तसाच ‘रावनु’ही. उलट ‘राम नामु’ या जोडीत ‘राम’ औंकडरहित आहे, कारण त्याचा नामाशी षष्ठीचा संबंध आहे. मग या पक्षाच्या नियमाने, ज्या नामाचा महिमा सारे गुरू गातात ते नाम दशरथपुत्राचे ठरेल! जो नियम आपल्याच मुख्य सिद्धान्ताचा गळा घोटतो तो नियम टाकून देण्यावाचून गत्यंतर नाही.

एकत्वाच्या मुद्रेची गोष्टही तशीच. ‘अलहु’, ‘करीमु’, ‘कादरु’, ‘साहिबु’ हे अरबी-फारसी कुळातले शब्दही गुरुवाणीत औंकड घेतात, यावरून कोणी हर्ष मानील की परमेश्वराची सर्व नावे एकाच मुद्रेने अंकित झाली. परंतु ‘कामु’, ‘क्रोधु’, ‘लोभु’ हेही तीच मुद्रा घेऊन येतात. मात्रा ही भाषेची आहे. ती देवास आणि दुर्गुणास सारखीच लागते, संस्कृतोद्भवास आणि यावनी शब्दास सारखीच लागते. मला यात गुरुवाणीचे मोठेपण दिसते. कोणत्या धर्माच्या दफ्तरातून शब्द आला याची पृच्छा न करता तिने प्रत्येकास आपल्या व्याकरणाच्या घरात एकच वागणूक दिली. पण हे मोठेपण म्हणजे मात्रेत दडलेला ब्रह्मसिद्धान्त नव्हे. राम कोण हे प्रकरण सांगते, वाक्यात रामाचे काम कोणते हे मात्रा सांगते. या दोन साक्षीदारांना एकमेकांच्या जागी उभे करता येत नाही.

तिसराही एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो श्रद्धेतून येत असल्यामुळे त्यास आदराने उत्तर दिले पाहिजे. ‘गुरूची वाणी धुरेहून, साक्षात परमेश्वराच्या दरबारातून आलेली, तिला मानवी व्याकरणाची बेडी कशी घालता?’ बेडी कोणी घालीत नाही. जी शिस्त वाणीने स्वतः पाळली ती वाचकाने ओळखावी, एवढेच मागणे आहे. प्रा. साहिबसिंह (१८९२–१९७७) यांनी ‘गुरबाणी व्याकरण’ लिहिले ते बाहेरचे नियम आणून नव्हे. संस्कृतच्या अभ्यासाने त्यांची दृष्टी तयार झाली होती हे खरे. पण नियम त्यांनी ग्रंथातील रूपेच ताडून पाहून काढले, आणि त्यांच्या आधारे ‘श्री गुरू ग्रंथ साहिब दर्पण’ ही १० खंडांची टीका सिद्ध केली. भक्ताने आयुष्य वेचून केलेल्या या कामास बेडी म्हणणे हा मोठा अन्याय आहे.

मात्र व्याकरणाचा अभिमानी म्हणून मला त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. सिहारी दिसली की ‘ने’ किंवा ‘मध्ये’ लावावयाचे, अशी यांत्रिक रीत पत्करणारा ‘हरि’ या शब्दापाशीच अडखळेल, कारण तेथील इकार मूळ प्रकृतीतला आहे. ‘वसतु’ आणि ‘धेनु’ स्त्रीलिंगी असूनही उकारान्त आहेत, कारण संस्कृतातच ते तसे आहेत. आणि ‘प्रभु’ची कथा तर याहून मनोरंजक: संस्कृतात त्याचा उकार प्रकृतीचा, पण गुरुवाणीने तो प्रत्ययाचा मानून टाकला, म्हणून हाक मारताना ‘प्रभ’ आणि ‘प्रभूने’ या अर्थी ‘प्रभि’ अशी रूपे झाली. शब्दाचा वंश आणि शब्दाची वर्तणूक दोन्ही पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये. शिवाय सहसकृती श्लोकांची भाषा वेगळी, फारसी ढंगाच्या पदांची वेगळी, छंदाची गरजही आपला कर वसूल करते. आणि व्याकरण जाणणाऱ्यास अर्थ कळतोच असे नाही, याचा दाखला अर्न्स्ट ट्रम्प. सिंधीचे व्याकरण लिहिलेल्या या जर्मन पंडिताजवळ अंत्य स्वरांची परीक्षा करण्याची सामग्री पुरेपूर होती. पण १८७७ च्या त्याच्या भाषांतरात ग्रंथाविषयी जी तुच्छता भरली आहे तिने ती सामग्री बव्हंशी वाया घालविली.

या वादात महाराष्ट्राने तटस्थ राहू नये, कारण ग्रंथसाहेबात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि त्यांत पंढरीचा देव ‘बीठलु’ होऊन येतो. तो उकार पंजाबी लेखनिकाने नवीन चिकटवला असे मानणाऱ्याने आपल्याच जुन्या अभंगांतला ‘विठ्ठलु’ आठवावा. नामदेवांची बोली पंजाबात गेली तेव्हा तेथील लेखनात तिला आपल्या घरचाच प्रत्यय भेटला. म्हणून जो संपादक ही पदे गुरुमुखीतून देवनागरीत आणताना ‘बीठलु’चा ‘विठ्ठल’, ‘नामु’चे ‘नाम’ आणि ‘सबदि’चे ‘शब्द’ करून छापील, तो लिपी बदलीत नसून पाठ बदलीत आहे. ‘सबदि’ची सिहारी गेली की ‘शब्दाच्या योगे’ हा अर्थ जातो, साधन आणि साध्य यांतला भेद पुसला जातो, आणि पुढच्या टीकाकाराला वाटेल तो अर्थ बसविण्यास रान मोकळे होते. देवनागरीत ऱ्हस्व उकार आणि ऱ्हस्व इकार दोन्ही आहेत. ते मुळाबरहुकूम छापावेत, जेथे प्रतींत पाठभेद असेल तेथे तो तळटीपेत नोंदवावा, आणि शब्दांची फोड मूळ सलग लेखनात नसून मागाहून केलेली आहे हेही वाचकास सांगावे.