पोलादाच्या शेजारचा बांबू



भिलाईत ‘मजबूत’ या शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, पुढे इथले रूळ देशभर गेले आणि कारखान्याच्या नोकरीनिमित्त कितीतरी मराठी घरं इथलीच होऊन गेली. अशा पोलादाच्या गावात आज बांबूचं कौतुक करायचं म्हणजे थोडं धाडसच! पण विषय आपल्या अगदी शेजारचा आहे.

महामार्गाच्या कडेला, वळणावर आणि पुलाजवळ लोखंडी पत्र्याचे कठडे असतात, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. गाडीचा ताबा सुटला तर ती खड्ड्यात जाऊ नये म्हणून ते असतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांना जोडणाऱ्या वणी-वरोरा महामार्गावर २०२३ साली २०० मीटर लांबीचा असाच एक कठडा उभा राहिला, तोही बांबूचा. नाव ठेवलं ‘बाहुबल्ली’. तो तयार करणारा भव्य सृष्टी उद्योग आपल्या बेमेतरा जिल्ह्यातला. २०१२ पर्यंत हा भाग दुर्ग जिल्ह्यातच होता, म्हणजे तसा घरचाच.

आता कुणीही विचारेल, बांबूवर जिवाचा भरवसा कसा ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच कारखान्यातून थेट रस्त्यावर असं झालं नाही. इंदूरजवळच्या पीथमपूर इथे वाहनांच्या चाचणीचं सरकारी केंद्र आहे, तिथे या कठड्याच्या कठोर चाचण्या झाल्या. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत आगीची परीक्षा झाली आणि त्यात त्याला पहिला वर्ग मिळाला. इंडियन रोड काँग्रेसची मान्यताही मिळाली.

यासाठी वापरलेली जात आहे ‘बाल्कोआ’. हा बांबू जाड भिंतीचा असतो. पण जात कितीही चांगली असली तरी बांबूत पिष्ट असतं, त्यामुळे त्याला कीड लागते आणि ओल धरली की बुरशी चढते. म्हणून त्याला क्रिओसोट तेल पाजलं जातं आणि वरून पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचं आवरण चढवलं जातं. गंमत बघा, क्रिओसोट निघतं ते कोलटारपासून आणि कोलटार मिळतं दगडी कोळशाचा कोक करताना. पोलाद कारखान्याच्या कोक भट्ट्यांमध्ये हेच तर चालतं! रेल्वेच्या लाकडी स्लीपरांनाही पूर्वी हेच तेल पाजत असत.

या साऱ्यात खरा प्रश्न आहे शेतकऱ्याचा आणि बांबूवर पोट असणाऱ्यांचा. आपल्याकडचे बुरूड काय किंवा छत्तीसगडचे कंडरा काय, त्यांची सुपं-टोपल्या प्लास्टिकने बाजूला सारल्या. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि वनाबाहेरचा बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. आपल्या बांधावरचा बांबू तोडणं-विकणं सोपं झालं. पण विकायचा कुणाला? इंजिनिअर तोंडी कौतुकावर माल घेत नाही, त्याला चाचणीचा कागद लागतो. तो कागद एकट्या शेतकऱ्याला मिळवता येत नाही, छोट्या कारखान्यालाही जड जातो. तिथे प्रयोगशाळा आणि विद्यापीठं हवीत.

तामिळनाडूने हे करून दाखवलं आहे. मेट्टुपालयमच्या वन महाविद्यालयाने, म्हणजे तिथल्या कृषी विद्यापीठाने, कागद, प्लायवूड आणि काडेपेटीच्या कारखान्यांना शेतकऱ्यांशी जोडलं. कारखान्याला कसलं लाकूड हवं ते आधी विचारायचं, तशा जातीची रोपं विद्यापीठाने निवडायची, शेतकऱ्याने लावायची आणि खरेदीचा करार आधीच करायचा, अशी ही साखळी. २०१५ मध्ये त्यांचा रीतसर संघच स्थापन झाला.

आपल्याकडे काय कमी आहे? रायपूरला १९८७ पासून कृषी विद्यापीठ आहे, २०१६ मध्ये सुरू झालेली आयआयटी भिलाईत आहे आणि बांबूचा कारखाना शेजारच्या जिल्ह्यात आहे. दहा पावसाळ्यांनंतर बांबूची ताकद किती उरते, आवरणाच्या आत ओल शिरते का, मोडलेला तुकडा किती खर्चात बदलता येतो, या प्रश्नांची उत्तरं इथल्याच विद्यार्थ्यांनी शोधायला हवीत. २०० मीटर ही सुरुवात आहे. भरवसा बसायला बरीच वर्षं नोंदी ठेवाव्या लागतील.

जाता जाता घरच्यासाठी दोन गोष्टी. मांडव, कुंपण किंवा फर्निचरसाठी बांबू घेताना तो तीन-चार वर्षांचा पक्का आहे ना, हे विचारा. कोवळा बांबू वाळला की सुरकुततो आणि त्याला कीडही लवकर लागते. घरात वापरायच्या वस्तूंना बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया केलेली असावी. क्रिओसोट मात्र बाहेरच्या कामापुरतंच, त्याचा वास उग्र असतो आणि ते अंगाला लागलेलं चांगलं नाही.

आणि तुमच्या घरातलं कुणी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असेल आणि प्रोजेक्टचा विषय शोधत असेल, तर त्याला बेमेतऱ्याचा रस्ता जरूर दाखवा!