ब्लँकेट म्हणता येत नसेल तर...

२१ मे २०२३ रोजी चीनमधल्या चेंगदूहून हाँगकाँगला निघालेल्या कॅथे पॅसिफिकच्या विमानात एक प्रवासी मागच्या बाजूला बसला होता, कर्मचारी जेवणाच्या ट्रॉल्या लावतात त्या कोपऱ्याजवळ. तिथलं बोलणं त्याच्या कानावर येत होतं. कुणीतरी पांघरूण मागताना 'ब्लँकेट'ऐवजी 'कार्पेट' म्हटलं होतं आणि त्यावरून हशा चालला होता. इंग्रजीत ब्लँकेट म्हणता येत नसेल तर मिळणार नाही. कार्पेट खाली जमिनीवर आहे, हवं तर त्यावर आडवे व्हा, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. प्रवाशानं ते रेकॉर्ड केलं. दोन दिवसांत तीन कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यांनी माफी मागितली, आणि हाँगकाँगच्या सरकारप्रमुखांनाही त्यावर बोलावं लागलं.

ही बातमी वाचताना मला हसण्यापेक्षा आवाजाचं जास्त वाटलं. कामाच्या जागी गिऱ्हाइकांची टिंगल कोण करत नाही? बँकेत करतात, दवाखान्यात करतात, शाळेच्या स्टाफरूममध्ये तर तासन् तास करतात. पण ती दार लोटून. इथे हे बोलणं प्रवाशाला ऐकू जाईल अशा ठिकाणी चाललं होतं. म्हणजे समोरच्याला कान आहेत हे माहीत होतं, फक्त त्या कानांना काही अर्थ लागत असेल असं बोलणाऱ्यांना वाटत नव्हतं. आपल्याकडे नाही का, घरकामाच्या बाईसमोर पैशांचं बोलणं इंग्रजीत होतं? तिला ते अक्षरन् अक्षर कळलेलं असतं. ती फरशी पुसत राहते, एवढंच.

हाँगकाँगच्या प्रकरणाला अर्थात आपला इतिहास आहे. तिथे कॅन्टोनीज बोलतात, मुख्य चीनमध्ये मँडरिन, आणि दोघांमधलं राजकारण गेली काही वर्षं चांगलंच कडवट आहे. चीनच्या सरकारी वर्तमानपत्रानं तर या कंपनीत परदेशी माणसाला डोक्यावर घेतात, हाँगकाँगच्या माणसाला मान देतात आणि मुख्य चीनच्या माणसाला खाली बघतात, असा सरळ आरोप केला. दुसरी बाजूही होती. करोनाच्या वर्षात, ऑक्टोबर २०२० मध्ये, या कंपनीनं हजारो लोकांना घरी बसवलं, मुख्य चीनकडे जास्त उड्डाणं करणारी आपली 'कॅथे ड्रॅगन' ही कंपनी बंदच करून टाकली आणि उरलेल्यांना कमी पगाराच्या नव्या करारावर सह्या करायला लावल्या. कर्मचारी संघटनेनं पुढे अपुरं मनुष्यबळ आणि खचलेलं मनोबल यांकडे बोट दाखवलं. दमलेला माणूस खेकसतो, हे मला मान्य आहे. पण दमलेला माणूस कुणावर खेकसायचं हे मात्र नीट निवडतो. बिझनेस क्लासमधल्या साहेबानं चुकीचा शब्द वापरला असता तर?

आता जरा आपल्याकडे या. सप्टेंबर २०२२ मध्ये विजयवाड्याहून हैदराबादला जाणाऱ्या इंडिगोच्या विमानात एका बाईला तिच्या जागेवरून उठवून दुसरीकडे बसवलं. कारण, तिला फक्त तेलुगू समजत होतं, हिंदी-इंग्रजी नाही. ती जागा आपत्कालीन दरवाज्याजवळची होती. तिथे बसणाऱ्याला कर्मचाऱ्यांच्या सूचना समजायलाच हव्यात, हा नियम अगदी योग्य आहे, त्याबद्दल वाद नाही. पण विमान आंध्रातून उडून तेलंगणात उतरणार होतं. दोन्हीकडे बोलतात तेलुगू. मग सूचना तेलुगूत देणारं विमानात कुणी का नव्हतं, हा प्रश्न त्या बाईला विचारायचा की कंपनीला? शेजारच्या एका प्राध्यापक बाईंनी हे जाहीरपणे मांडलं म्हणून जगाला कळलं, आणि तेलंगणाचे तेव्हाचे मंत्री के. टी. रामाराव यांनी कंपनीला स्थानिक भाषांचा मान राखा असं सुनावलं. उठवली गेलेली बाई काहीच बोलली नसावी. ती कुठल्या भाषेत बोलणार?

आणि हे रोज थोडं थोडं वाढणार आहे, कारण विमानात बसणारा माणूसच बदललाय. २०१४ मध्ये देशांतर्गत विमान प्रवासी पावणेसात कोटींच्या आसपास होते. २०२४ मध्ये ते सोळा कोटींच्या वर गेले. एप्रिल २०१७ मध्ये 'उडान' योजनेची पहिली विमानं निघाली तेव्हा हवाई चप्पल घालणाऱ्यालाही हवाई जहाजात बसता यावं, असं पंतप्रधान म्हणाले होते. त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादचं विमान सुरू झालं होतं. चप्पल विमानात आली खरी. ती चप्पल बघून नाक मुरडणं काही कुठल्या योजनेनं थांबत नाही.

मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या विमानतळावर दिल्लीच्या गेटजवळ मी बसले होते. शेजारी फलटणकडच्या दहा-बारा बायका. भिशीच्या पैशांतून सहल काढलेली. जाताना विमान, येताना झेलम एक्सप्रेस. जन्मात पहिल्यांदा विमान. खुर्च्या रिकाम्या असूनही त्या खाली ऐसपैस बसल्या होत्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी-ठेचा सोडला होता. विमानतळावरचा दोनशे-तीनशे रुपयांचा वडा कोण खाणार? मीही मनातल्या मनात त्यांना शाबासकी दिली.

काउंटरवरच्या दोन मुली, झकपक युनिफॉर्म, केसांचा घट्ट अंबाडा. एक म्हणाली, "पूरा एसटी स्टँड उठा के लाये हैं." दुसरी म्हणाली, "स्मेल बघ ना, यार. अँड ऑल ऑफ देम वाँट विंडो सीट." दोघी हसल्या. आवाज अजिबात कमी केलेला नव्हता. महाराष्ट्रातल्या बाईला हिंदी कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी आयुष्यात इथल्या थिएटरात पाऊल टाकलेलं नसावं. आणि 'स्मेल' तर आता मसाल्याच्या पाकिटावरही लिहिलेलं असतं. त्या बायकांमधल्या एकीनं, साधारण साठीच्या, हातातला भाकरीचा तुकडा फडक्यात परत ठेवला. ते मला बघवलं नाही.

मी उठून काउंटरपाशी गेले आणि मराठीत म्हटलं, "तो ठेच्याचा वास आहे. आणि तुम्ही जे बोललात ते त्यांना ऐकू आलंय." एक मुलगी लगेच, "मॅम, वुई वर जस्ट जोकिंग." दुसरी मात्र गोरीमोरी झाली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तसं न्हाई म्हणलं ओ मी." त्या 'न्हाई'त तिचं गाव होतं. बहुधा त्या बायकांच्या गावापासून फार लांबचं नसावं.

परत येऊन बसले तर त्या साठीच्या बाई मलाच समजावू लागल्या, "हसू द्या हो ताई. तिची आजी बी अशीच बसत असंल की खाली." आणि भाकरी पुढे केली.

त्या मुलीचा विचार अजून मनातून जात नाही. ती कुठून आली असेल ते आपल्याला माहीत आहे. तालुक्याच्या गावी 'एअर होस्टेस बना, ग्राउंड स्टाफ बना' असे बोर्ड असतात, फी लाखांत असते, बाप कर्ज काढतो. तिथे तिला काय शिकवतात? लिपस्टिकचा रंग, अंबाड्याची जाळी, हसताना दात किती दिसावेत, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे गावचं बोलणं कसं पुसून टाकायचं. 'न्हाई' म्हटलं की सगळा वर्ग हसतो. सहा महिने तिला तिच्या आजीची लाज वाटायला शिकवलं गेलं, आणि मग जिवंत दहा आज्या तिच्या गेटसमोर येऊन बसल्या!

या नोकरीत बाईला मोजायची पट्टी नेहमीच निर्दय राहिली आहे. एअर इंडियातल्या हवाईसुंदरीची नोकरी पहिल्या गरोदरपणातच संपवायची, असा नियम होता. तो सुप्रीम कोर्टानं १९८१ मध्ये, नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. नोकरीला लागल्यापासून चार वर्षं लग्न करायचं नाही, ही अट मात्र त्याच निकालात चालवून घेतली. पुढे वजनाच्या काट्यावरून बायकांना विमानातून खाली उतरवलं, काहींना घरी पाठवलं. आणि प्रवासी? डिसेंबर २०२२ मध्ये इस्तंबूल-दिल्ली विमानात जेवणावरून वाद झाला तेव्हा एका कर्मचारी मुलीला 'मी तुमची नोकर नाही' असं रडवेल्या, चिडलेल्या आवाजात सांगावं लागलं होतं. वरून खाली येणारा तुच्छपणा ती झेलते आणि पुढच्या पायरीवर ढकलून देते. हे समजून घ्यावं, पण म्हणून चालवून घेऊ नये, असं माझं मत आहे. समजून घेण्याची सगळी जबाबदारी फलटणच्या आजींवर टाकणं काही बरोबर नाही.

या सगळ्यात आपल्या घरातली एक गोष्ट येतेच, ती म्हणजे व्हीलचेअर. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आया आता प्रत्येक सोसायटीत आहेत. पाय ठणठणीत असतात, रोज पर्वतीसुद्धा चढतात, पण मुलगी तिकीट काढताना आईसाठी व्हीलचेअर मागून ठेवते. कारण व्हीलचेअर पायांसाठी नसतेच. ती इंग्रजीसाठी असते. मधल्या विमानतळावर गेट बदललं तर कुणाला विचारायचं, इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला काय सांगायचं, याची ती सोय असते. विमान कंपन्यांचे लोक यावरून काय बोलतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. 'आता बघा, उतरल्यावर कशा तुरुतुरु पळतील.' 'देवाची कृपाच आहे या फ्लाइटवर.' त्यांचंही अगदी खोटं नाही. खुर्च्या मोजक्या, ढकलणारी माणसं मोजकी. आणि त्याची किंमत खरोखर गरज असलेला माणूस मोजतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून आलेल्या एका जोडप्याला मुंबई विमानतळावर एकच व्हीलचेअर मिळाली. त्यावर बायको बसली, ऐंशी वर्षांचे आजोबा बरोबर चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. ते वाचले नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला.

मग टोमणे मारण्यापेक्षा साधी गोष्ट का होत नाही? तिकिटावर व्हीलचेअरच्या शेजारी 'भाषेची मदत हवी' असा एक चौकोन ठेवा. ज्येष्ठांना एका गेटवरून दुसऱ्या गेटला चालत पोचवणारं एक माणूस द्या. निम्म्या खुर्च्या मोकळ्या होतील. आईलाही खोटं आजारपण घेऊन खुर्चीत बसावं लागणार नाही. बसताना तिला ते किती टोचतं, हे तिच्याशी बोलून बघा.

कायद्याकडे गेलं तर चित्र अर्धवट आहे. वागणुकीला धरता येतं. २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघालेल्या जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे स्पाइसजेटनं विमानातून उतरवलं. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना १० लाखांची भरपाई देववली. मे २०२२ मध्ये रांचीला एका विशेष मुलाला विमानात घेतलं नाही म्हणून इंडिगोला ५ लाखांचा दंड झाला, आणि त्यानंतर अपंगत्वाच्या कारणावरून विमान कंपनीनं स्वतःच्या मतानं प्रवास नाकारायचा नाही, डॉक्टरांचं मत घ्यायचं, असा बदल नियमांत झाला. रांचीतसुद्धा सहप्रवाशांनी, त्यात डॉक्टरही होते, त्या कुटुंबाची बाजू घेतली होती, आणि त्यांच्यातल्याच एकीनं घडलेलं लिहिलं म्हणून चौकशी झाली. नुसत्या शब्दांचं काय? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात चारचौघांत मुद्दाम अपमान करणं हा गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत अॅट्रॉसिटीचा कायदा आहे. पण लुगडं, बोली, खाली बसणं, भाकरीचा वास, यांना कुठलं कलम लागणार? लागूही नये, असं मला वाटतं. प्रत्येक हसण्यामागे पोलीस धावू लागला तर आपलं घरही सुटायचं नाही.

मी पुण्यातल्या त्या प्रसंगानंतर कंपनीला पत्र लिहिलं. विमानाचा क्रमांक, वेळ आणि दोन्ही वाक्यं जशीच्या तशी लिहिली. मुलींची नावं छातीवरच्या पट्टीवर वाचली होती, ती लिहिली नाहीत. बाविशीतल्या दोन पोरींची नोकरी घालवून कंपनी हात झटकून मोकळी झाली असती. हाँगकाँगला दोन दिवसांत तिघं गेले. त्यांना घडवणारं प्रशिक्षण कुणी घडवलं होतं, तो मात्र कुणीच घरी गेला नाही. माझ्या पत्रात दोनच प्रश्न होते. पुण्याच्या गेटवर मराठीतून बोला असं तुम्ही कर्मचाऱ्यांना सांगता, की बोलू नका असं? आणि पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाशी कसं वागायचं, याचा एक तास तरी तुमच्या प्रशिक्षणात आहे का?

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल' दिलगिरी होती, आणि माझ्या पुढच्या प्रवासात पाचशे रुपयांची सूट. गैरसोय माझी झालीच नव्हती, असं मी परत कळवलंय. आणि ती सूट त्या बायकांच्या भिशीला द्यायची सोय आहे का, हेही विचारलंय.