गृहिणींशी हितगुज : टोस्टवरचे काळे औषध



पावाला लोणी लावतात, जाम लावतात, हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये कित्येक घरांत पावाला आणखी एक पदार्थ लावतात. त्याचे नाव मार्माइट. रंगाने काळपट, काकवीसारखा चिकट आणि चवीला चांगलाच खारट. भाजलेल्या पावावर आधी लोणी लावायचे आणि त्यावर याचा अगदी पातळ हात फिरवायचा. जास्त लावला की तोंड वाकडे झालेच! कुणाला तो जीव की प्राण, तर कुणाला त्याचा वासही सोसत नाही.

हा पदार्थ निघाला टाकाऊ मालातून. बिअर आंबवायला खमीर म्हणजे यीस्ट लागते. काम झाल्यावर ते ढिगाने उरते. त्याचा अर्क काढून खाता येतो, हे लीबिग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. पुढे १९०२ साली इंग्लंडमधील बर्टन गावी मार्माइटची कंपनी निघाली.

आता या डबीचे मुंबईशी असलेले नाते ऐका. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज बाई मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांचे रक्त फार कमी होई, कित्येकी दगावत. याचे कारण शोधणे हे त्यांचे काम होते. बायांच्या ताटात काय पडते, हे त्यांनी पाहिले. निकस जेवण हेच मूळ, अशी त्यांची खात्री होत गेली. आधी उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले. मग आजारी बायांना मार्माइट दिले, आणि त्यांचे रक्त भरू लागले! १९३१ साली त्यांनी हे जगापुढे मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक ॲसिड. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले.

म्हणजे ती महागडी डबी आणायलाच हवी असे नाही. पालेभाजी, हरभरा, मूग, चवळी, शेंगदाणे यांतही तोच घटक आहे. फक्त भाजी फार वेळ शिजवू नका आणि तिचे पाणी फेकू नका.

घरात लेक किंवा सून गरोदर असेल, तर सरकारी दवाखान्यातून लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मोफत मिळतात. मळमळते म्हणून त्या फडताळात पडू देऊ नका. आपल्याच गिरणीतल्या आया-आज्यांच्या दुखण्यातून हे ज्ञान जगाला मिळाले. त्याचा लाभ आपल्या लेकींना आधी मिळायला हवा.