शतांशाचा हिशेब

हल्ली गणित हसतखेळत शिकवतात. आमच्या वेळी नुसतेच शिकवीत; हसण्याचे काम वर्गातली उरलेली मुले करीत आणि ज्याला गणित येत नसे, तो फळ्यापाशी उभा राहून त्या करमणुकीला हातभार लावी. आता मोबाइलवर बेडूक उडी मारतो, बरोबर उत्तराला तारा मिळतो आणि चुकले तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशी गोड विनंती होते. आमची कन्या चार पर्यायांवर ओळीने बोट ठेवत जाते. चौथ्या खेपेला तारा हमखास! पंचवीस तारे झाले, की तिचे गणित सुधारल्याचे अभिनंदन मला येते. बँकेत कोणी चार तऱ्हेच्या सह्या करून ‘यातली जुळेल ती माझी’ म्हणाला, तर आम्ही त्याला तारा देत नाही, पोलिसांना फोन करतो.

याचा अर्थ मी ‘पाढे आणि छडी’ पक्षाचा आहे असे मात्र समजू नका. त्या पक्षाची मंडळी पावकी, निमकी, पाऊणकी धडाधड म्हणून दाखवतात. पण त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० का, असे विचारले की घड्याळाकडे बघतात. त्यांनी एकदा जिओजेब्रा जरूर पाहावे. साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली ते करायला घेतले. शाळांना फुकट मिळते. पडद्यावरच्या त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढा, तीनही कोन बदलतात, बेरीज हलत नाही. फळ्यावर एवढे त्रिकोण काढायचे तर गुरुजींचा खडू आणि नोकरी दोन्ही संपतील.

पण खरी गंमत पुढे आहे. एखादे वेळी पडद्यावर ४७.३३, ६१.३३ आणि ७१.३३ असे कोन दिसतात. करा बेरीज. १७९.९९! आता मी पडलो बी.कॉम. एका पैशाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत वह्या चाळणाऱ्यांची आमची जात. हा शतांश गेला कुठे? कुठेच नाही, यंत्राने तिसऱ्या स्थळापासून आकडे छाटले आहेत. पण हा प्रश्न विचारणारे पोर हवे, आणि त्याला ‘गप्प बस’ न म्हणणारे गुरुजी हवेत. शंभर त्रिकोण यंत्र दाखवील, एकशेएकाव्याची हमी ते देत नाही. ती हमी शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढल्यावरच मिळते, आणि त्याला पेन्सिल पुरते.

‘सगळे ऑनलाइन करा’ म्हणणाऱ्यांनी तर आमच्या पडघ्याला शहाणपण शिकवूच नये. मुंबईकडे वीज धाडणारे ४०० केव्हीचे उपकेंद्र आमच्या गावचे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईच्या लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्याच वर्षी शाळाही मोबाइलवर भरत होती. घरात फोन एक, मुले दोन आणि तो फोन दिवसभर वडिलांबरोबर कामावर: हा भागाकार कोणत्याच ॲपला सुटला नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. पोरागणिक मोबाइल नको. वर्गात एक मोठा पडदा हवा आणि प्रत्येक ताऱ्यामागे ‘का रे बाबा?’ विचारणारा शिक्षक हवा. शेजारच्या शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेने डिजिटल शाळा म्हणून नाव कमावले, ते यंत्रामागे शिक्षक उभा राहिला म्हणून. तेव्हा शाळेला पडदा द्यायला निघालेल्या दानशूरांनो, पडद्याबरोबर गुरुजींना तो शिकायची सवडही द्या. मतदारयाद्या आणि शिरगणतीतून त्यांना थोडे सोडवा. नाहीतर पडद्यावर नाव देणगीदाराचे, हार अध्यक्षांच्या गळ्यात आणि पोरांच्या वाटणीला बाकी शून्य!